दुतोंडी वायर

सोमवार, ३ मार्च

आज दुपारी सव्वाबाराला आमच्या गल्लीत खांबावरून वायरमन पडला.

मी सहा नंबरच्या घराच्या मागच्या अंगणात जनरेटरचा कार्बोरेटर उघडून बसले होते. तारा बदलायचं काम म्हणून सकाळी दहापासून लाइन बंद होती आणि गल्लीभर मशीनं धडधडत होती. अशा वेळी शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही. तरीही तो आवाज मला आला. पिठाचं पोतं माळ्यावरून टाकावं तसा.

धावत गेले तेव्हा अकरा नंबरच्या डॉक्टरीणबाई आधीच त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. दवाखान्यातून जेवायला घरी येत असणार, हातातली पिशवी रस्त्यात लवंडलेली. त्याच्या छातीवर दोन्ही हात रोवून दाबत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. तीसपर्यंत जायचं, तोंडाने श्वास द्यायचा, पुन्हा एकपासून. ॲम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. त्या एकदाही थांबल्या नाहीत. शेवटी त्याच्या घशातून खर्र असा आवाज आला, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला. का ते कळत नाही.

त्याच्या उजव्या हाताची बोटं जळालेल्या वातीसारखी झाली होती.

त्याचा जोडीदार, तो मिशीवाला, खांबाला टेकून एकच वाक्य बोलत होता. "लाइन बंद होती. मी स्वतः बंद केली होती."

बंदच होती. करंट वरून आला नाही, खालून गेला. कुणाच्या तरी घरातून.

ही भानगड आमच्या धंद्यातली. जनरेटर घराला जोडताना मध्ये चेंजओव्हर स्विच लावायचा असतो. एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला मशीन, दोन्ही एकत्र कधीच नाही. तो लावला नाही तर लोक दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करतात. एक टोक मशीनमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये. घरभर उजेड. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर तोच करंट घराबाहेर पडून खांबावरच्या तारेत. आम्ही त्या वायरला दुतोंडी म्हणतो.

आमच्या जनरेटरच्या दुकानात आले तर दादा हात धुत होता. विचारलं, "आपल्या किती मशीनांवर दुतोंडी आहे?"

म्हणाला, "आधी जेवून घे."

मंगळवार, ४ मार्च

वायरमन जिवंत आहे. दोन बोटं काढली, खांदा मोडलाय.

रात्रभर डोक्यात गल्लीचा नकाशा. त्याने कामासाठी त्या खांबावर तार तोडली होती, म्हणजे तुटलेल्या तुकड्यावर फक्त तीन घरं उरत होती. नऊ नंबरला वर्षभर कुलूप आहे. दहा नंबरकडे जनरेटरच नाही. राहिलं अकरा.

सकाळी गेले. डॉक्टरीणबाई दवाखान्यात, घरी त्यांच्या सासूबाई. मी काही विचारण्याआधीच पाणी दिलं आणि कालचं सगळं सांगितलं. सुनेचं कौतुक करताना डोळे भरून आले. मग आपण होऊन म्हणाल्या, "काल लाइट गेल्यावर मीच मशीन लावलं हो. वायर टोचली, बटण दाबलं. मेन बंद करायचा असतो म्हणे, पण तो बोर्ड इतका उंच, माझा हात कुठला पोचतोय."

मी पाणी पूर्ण प्यायले. दुसरं काय करणार.

दुपारी दादाशी भांडण झालं. ती वायर त्यानेच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती, "तात्पुरती". दादा म्हणतो, वायरमनने तारेवर अर्थिंगची साखळी टाकायला हवी होती, म्हणजे कुठूनही आलेला करंट जमिनीत उतरला असता; ती टाकली नाही, चूक त्याची.

मी म्हटलं, "त्याच्या चुकीची त्याने दोन बोटं दिली. आपल्या चुकीचं काय?"

"जा मग, सांग त्या बाईला," दादा म्हणाला. "ज्याला तू जिवंत केलंस त्याला तुझ्याच घरच्या करंटने मारलं होतं, असं सांग. म्हातारीला पण सांग. झोपू दे दोघींना सुखाने."

याचं उत्तर उद्या देईन म्हटलं.

बुधवार, ५ मार्च

उत्तर सुचलं नाही. सगळं दादाने. दादाने वायर केली, दादाने स्विच लावला नाही, दादाने तोंड शिवलं. दुकान आप्पांनी काढलं, पाटीवर "आणि मुलगा" लिहिलं, आणि त्या मुलाने हे केलं. सव्वीस वर्षं मी त्या दुकानात ऑइलमध्ये हात बुडवतेय आणि पाटीवर माझा मागमूस नाही. बरंच आहे म्हणायचं!

गुरुवार, ६ मार्च

काल जे लिहिलं ते वाचलं. एवढा दादा दादा करायचं कारण मला माहीत आहे.

११ फेब्रुवारीला त्या मशीनचं ऑइल मी बदललं. वायर पाहिली. दादाला सांगितलं, तो म्हणाला, स्विच आला की लावू. मी बरं म्हटलं. आणि निघताना ती वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून नीट गुंडाळून खिळ्याला अडकवून ठेवली. सासूबाईंच्या हाताला येईल अशी.

लिहिलं एकदाचं. आता फिरून खोडणार नाही.

शुक्रवार, ७ मार्च

दवाखाना संपायच्या वेळेला गेले. डॉक्टरीणबाईंना वाटलं पाठ दुखतेय. उभ्याउभ्याच सांगितलं सगळं.

त्या बेसिनकडे गेल्या, हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

"तुम्ही वायर पाहिली होती?"

"हो. अकरा फेब्रुवारीला."

"मला का नाही सांगितलं?"

"दादा म्हणाला होता की..."

"मी दादांचं विचारत नाहीये. त्या दिवशी दारात भेटलो आपण. मी चहा विचारला होता. तुम्ही नको म्हणालात आणि गेलात."

बरोबर होतं. चहाएवढा वेळसुद्धा लागला नसता.

दवाखान्याचे दिवे मालवत म्हणाल्या, "सासूबाईंना सांगू नका." मग दाराशी येऊन, "नाही. मी सांगेन. आणि उद्या सकाळी येऊन तो स्विच लावा. पहिला आमच्याकडे."

घरी आल्यावर दादाला सांगितलं. त्याने दुकानाच्या किल्ल्या मागितल्या. दिल्या. वर म्हटलं, "दुकान तुझं, पण वरच्या मजल्यावरची माझी खोली माझी आहे. मी कुठेही जाणार नाही. रोज जिन्यात भेटेन." वहिनीने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

आप्पा पलंगावर बसून सगळं बघत होते. चाळीस वर्षं मशीनांपाशी काढून त्यांचे दोन्ही कान गेलेत, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं समजतं. एक शब्द बोलले नाहीत. शेवटी मुलगा तो मुलगा.

सोमवार, १० मार्च

आज हॉस्पिटलला गेले. आठवडाभर रोज त्या रस्त्याने स्कूटर गेली, रोज काहीतरी काम निघालं. आज कामं काढली नाहीत.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. वायरमनला सगळं माहीत होतं. मी नाव सांगितलं, वायर मी पाहिली होती हे सांगितलं. तो छताकडे बघत होता. त्याची बायको मला म्हणाली, "सांगून झालं? मग निघा आता."

मी निघाले. दारापाशी असताना त्याचा आवाज आला. "अशा अजून किती आहेत?"

"आमच्या गल्लीत चौदा मशीनं. किती दुतोंडी ते बघायचंय."

"बघा मग," तो म्हणाला. "इथं काय उभ्या आहात?"

बुधवार, १२ मार्च

सात. चौदांपैकी सात घरांत! डॉक्टरीणबाईंचं झालं, सहा राहिली. स्विच लोकांनी बाजारातून आणायचा, बसवायचं काम मी फुकट करणार. दादा म्हणतो मी धंद्याची आणि घराण्याची अब्रू वेशीवर टांगतेय. म्हटलं, टांगते. तिथं वारा चांगला लागतो.

तीन नंबरच्या काकांनी दारातूनच विचारलं, "मेकॅनिक कधी येणार?"

"आलाय," मी म्हटलं, आणि पेटी आत नेऊन ठेवली.

शनिवार, १५ मार्च

मला वाटलं होतं तितका त्रास होत नाहीये. चार नंबरवाले तर दार उघडून तयारच. म्हणाले, "वीज ऑफिसातून फोन आला होता. बाई येईल, तिला आत घ्या, सांगेल तसं करा. माणूस इतका ओरडत होता की कानाला दडे बसले. मी काय म्हणतोय ते ऐकूनच घेईना, बोलला आणि फोन ठेवला."

तीन नंबरलाही तसाच फोन. वीज ऑफिसवाल्यांना उशिरा का होईना, जाग आली. नीट बोलायला मात्र कुणी शिकवलेलं दिसत नाही.

घरी आप्पांचं काही कळत नाही. दिवसभर गॅलरीत फोन घेऊन बसतात, मी आले की उशीखाली सारतात. दादाला माझ्या चुगल्या पुरवत असतील. रोज संध्याकाळी टोमणा मारल्यासारखं विचारतात, "आज कितवं घर?" मी बोटं वर करून दाखवते आणि खोलीत जाते. मी पण त्यांचीच मुलगी आहे.

गुरुवार, २० मार्च

त्या दिवशीची दुरुस्ती अर्धवटच राहिली होती. आज खांबावरचा जोड जळाला आणि अख्खी गल्ली अंधारात गेली. मिशीवाला वायरमन आला, खांबाकडे बघितलं, शिडी गाडीवरून उतरवलीच नाही. म्हणाला, "या गल्लीत आमच्यातला एकही माणूस चढणार नाही. प्रत्येक घर तपासल्याशिवाय नाही. साहेबांना सांगा, नाहीतर देवाला सांगा."

लोक त्याच्यावर तुटून पडले. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दोघंच होतो.

शनिवार, २२ मार्च

तीन दिवस मशीनं चालताहेत. घरगुती मशीन दिवसाला दोन-तीन तास चालायच्या लायकीचं असतं, लोक चौदा तास रेटताहेत. ऑइल काळं, फिल्टर गच्च, स्पार्कप्लग काजळलेले. आता सगळ्यांना मी हवी आहे. मी एकच सांगते, आधी स्विच, मग मशीन. दोन घरं आज झाली. शिव्या खाल्ल्या. पोट भरलं.

उरलं एकच घर. चौदा नंबरचे वकीलसाहेब. फोन आला तेव्हा त्यांनी ओरडणाऱ्या माणसालाच नोटीस पाठवायची धमकी दिली म्हणे. मला फाटकाच्या आतही घेतलं नाही.

"माझ्या घरात मी कुठली वायर कुठे लावतो हे तू सांगणार?"

"घरात काय हवं ते लावा. ती रस्त्यावर येते त्याचं बोलतेय मी."

"कायदा शिकवतेस?"

"नाही साहेब, वीज शिकवतेय. कायद्यात तारखा मिळतात. खांबावर मिळत नाहीत."

फाटक तोंडावर आपटलं. मी तिथेच पेटीवर बसले. संध्याकाळी पाचला डॉक्टरीणबाई दवाखान्यातून आल्या आणि शेजारी कठड्यावर टेकल्या. सातला दोघी उठलो.

सोमवार, २४ मार्च

आज फाटकासमोर तिसरा दिवस. दुपारी वकीलसाहेबांचं मशीन आचके देत बंद पडलं. आवाजावरून कळलं, ऑइल संपलं. मला बोलवायची लाज, म्हणून त्यांनी दादाला फोन केला. दादा आला. माझ्यासमोरून आपली पेटी घेऊन आत गेला, नजर दिली नाही. मला वाटलं, संपलं. आता हा मशीन चालू करून देणार आणि मी जन्मभर या फाटकाशी बसणार.

अर्ध्या तासाने आतून आवाज चढले. वकीलसाहेबांचा जास्त. दादाचा एकदाच, "मग दुसरा मेकॅनिक बघा."

मग त्यांचा ड्रायव्हर स्विच आणायला पळाला.

दादा बाहेर आला तेव्हा हातात ती दुतोंडी होती, मधोमध कापलेली. दोन्ही तुकडे माझ्या पेटीवर टाकले आणि गेला. चांगुलपणा दाखवायचा होता तर तीन आठवडे उशीर झाला. मी आभार मानले नाहीत. रात्री ताटावर बसताना त्याने माझ्याकडे भाजी सरकवली. मी घेतली, कारण भूक होती.

शुक्रवार, २८ मार्च

आज परीक्षा झाली.

वीज ऑफिसचे साहेब, मिशीवाला, दुसरे चार वायरमन आणि त्यांच्यासोबत तो. डावा हात मोकळा, उजवा झोळीत. हॉस्पिटलमधून सुटून पाचच दिवस झालेत. मी कागद पुढे केला, चौदाही घरांची नोंद केलेला. त्याने घेतला नाही.

"कागद नको. दाखवा."

"मी स्वतः तपासलेत सगळे."

"विश्वासावर मी एकदा चढलोय."

चौदा घरं आम्ही पायी केली. प्रत्येक ठिकाणी त्याने स्वतः डाव्या हाताने स्विचचा दांडा लाइनवरून मशीनवर टाकला, मशीन चालू करायला लावलं, मेन मुद्दाम चालू ठेवला. अकरा नंबरला सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं रडतील. त्या त्याच्या पुढ्यात आल्या आणि म्हणाल्या, "मी लावली होती वायर. मी." तो म्हणाला, "आता तुमचा हात स्विचला पोचतो का, ते दाखवा."

त्यांनी दाखवला. मी कमरेच्या उंचीवर बसवलाय. त्यांनी तीनदा खालीवर करून दाखवला. त्याने मान हलवली आणि पुढच्या घरी निघाला.

चौदा मशीनं एकाच वेळी धडधडत असताना मिशीवाल्याने लांब काठीचा टेस्टर तारेला लावला. गल्ली श्वास रोखून उभी. टेस्टर मेलेला. दुसरी तार. मेलेला. तिसरी, चौथी. सगळ्या गार. मग त्याने अर्थिंगची साखळीही टाकली, आणि शिडी खांबाला लावली.

मी पेटी उचलायला वाकले. झोळीवाला म्हणाला, "कुठं चाललात? तो खाली येईपर्यंत इथंच उभं राहायचं. खांबाशी."

दोन तास दहा मिनिटं उभी राहिले. ऊन डोक्यावर. तोही उभा राहिला, त्याच खांबाशी, वर बघत. मिशीवाल्याचा पाय जमिनीला लागला तेव्हाच तो सावलीत गेला.

मला वाटलं होतं, तो शेवटी काहीतरी बोलेल. झालं गेलं, असं काही. नाही बोलला. त्याने बोलायलाच हवं असं कुठे आहे?

मंगळवार, १ एप्रिल

वीज ऑफिसात लेखी जबाब दिला. कुणी मागितला नव्हता. साहेब म्हणाले, "बाई, आता काम झालंय, कशाला उकरताय?" कारण चौकशीत वायरमनने साखळी टाकली नव्हती एवढंच लिहिणार होते. त्याची नुकसानभरपाई तिथेच अडली असती.

मी लिहिलं, वायर दुकानाने करून दिली, मी ती पाहिली, घरमालकांना सांगितलं नाही.

दादाला नक्कल दाखवली. त्याने दोनदा वाचली.

"तुझं नाव आधी लिहिलंस?"

"तारीख माझी होती."

त्याने खाली सही केली. त्याची सही इतकी वाकडी मी कधी पाहिली नव्हती.

शुक्रवार, २५ एप्रिल

चौकशीचा निकाल लागला. दुकानाचा परवाना सहा महिने स्थगित. मला सहा महिने वायरिंगला हात लावायला बंदी, फक्त मशीनची देखभाल करता येईल. वायरमनची भरपाई मंजूर, आणि त्याला तक्रार कक्षात बसवलंय. त्याला खुर्ची आवडत नसणार. मला कोण विचारतंय.

दादा सकाळी दुकानाच्या बंद शटरपुढे उभा होता. मी त्याच्या बाजूला उभी राहिले. तो म्हणाला, "सहा महिने काय करायचं?"

"फिल्टर साफ करायचे," म्हटलं. "आणि भांडायचं."

तो हसला नाही, पण निघूनही गेला नाही.

सोमवार, २८ एप्रिल

दुपारी एका मशीनचा स्पार्कप्लग घासत असताना फोन वाजला. तक्रार कक्ष. आवाज ओळखला.

"बाजारामागच्या गल्लीत दुतोंडी सापडलीय," तो म्हणाला. "एक नाही, चार-पाच असाव्यात. घरवाले आमच्या माणसांना आत घेत नाहीत. तुम्ही येता?"

"मला बंदी आहे. वायरिंगला हात लावता येत नाही. हात बांधलेत माझे."

"तोंड बांधलंय का?"

मी हातातला प्लग खाली ठेवला.

"स्विच बसवायला परवान्याचा माणूस मी आणतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त दारात उभं राहून सांगायचं. तुमच्या गल्लीत सांगितलंत तसं. अकरा फेब्रुवारीचंसुद्धा सांगायचं."

"तेसुद्धा?"

"तेच आधी."

उद्या सकाळी नऊला जातेय. पहिल्या घराचा मालक दार उघडत नाही म्हणे. बघू, किती वेळ उघडत नाही ते.